फळाचा रस उलगडणारा माणूस

सफरचंद चिरून ताटलीत ठेवले, की थोड्याच वेळात फोडी तांबूस पडू लागतात. केळे, बटाटा, वांगे यांचेही तसेच. लिंबू किंवा संत्रे मात्र कापून ठेवले तरी असे काळवंडत नाही. उलट सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळले, तर त्याही बराच वेळ पांढऱ्या राहतात. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असते. तिच्यामागचे कारण शोधण्यात मात्र एका डॉक्टरने आयुष्यातली सुमारे दहा वर्षे घालवली आणि त्या शोधाच्या वाटेवर त्याच्या हाती ‘क’ जीवनसत्त्व लागले. त्या डॉक्टरचे नाव आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फळांच्या रसात नेमके काय असते, हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी रोज स्टॅटिन गटातली गोळी घेणारे लोक घरोघरी आहेत. यातल्या काही गोळ्यांचे एका विशिष्ट फळाच्या रसाशी पटत नाही. फळ म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. हा समज का अपुरा आहे, ते सेंट-ज्यॉर्जी यांच्या चरित्रातून जितके चांगले कळते तितके औषधाच्या माहितीपत्रकातून कळत नाही.

काकांना न पटलेला पुतण्या नव्हे, भाचा

आल्बर्ट यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील जमीनदार होते आणि त्यांचे सगळे लक्ष शेतीत असे. आईच्या माहेरी मात्र विद्वत्तेची परंपरा होती. तिचे भाऊ मिहाय लेनहोशेक हे बुडापेस्ट विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचा मोठा दबदबा होता. लहानपणी आल्बर्टला पुस्तकांचा कंटाळा होता. परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी त्याला शिकवणी लावावी लागे. शाळेची शेवटची वर्षे आली आणि अचानक त्याला वाचनाचे वेड लागले. आपल्याला संशोधक व्हायचे आहे, असे त्याने घरात जाहीर केले, तेव्हा मामांनी साफ विरोध केला. या मुलाची तेवढी कुवत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

गुण सुधारत गेले तसा मामांचा विरोध थोडा थोडा मावळला. अखेर त्यांनी परवानगी दिली, पण त्यांची एक अट होती. मामांना मूळव्याधीचा त्रास होता, म्हणून भाच्याने पहिला अभ्यास गुदद्वाराच्या आतल्या अस्तराचा करावा, असे ठरले. भाच्याने तो मनापासून केला आणि त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. आपण विज्ञानाची सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली, असा विनोद ते पुढे म्हातारपणीही करत.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून त्यांना सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावे लागले. शौर्याबद्दल पदक मिळाले. मात्र दोन वर्षे खंदकांतली माणसे मरताना पाहिल्यावर हे युद्ध हरलेले आहे आणि पुढचे मरण निरर्थक आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले आणि ते घरी परतले. हाड बरे होत असताना शिक्षण पुरे केले आणि १९१७ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्नही झाले.

क्षणभराचा उशीर

युद्धानंतरच्या हंगेरीत संशोधकाला ना पगार होता, ना प्रयोगशाळा. पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन सेंट-ज्यॉर्जी प्राग, बर्लिन, हँबर्ग असे गावोगाव फिरत राहिले. शेवटी हॉलंडमध्ये, आधी लायडेन आणि मग ग्रोनिंगेन इथे, त्यांना थोडी स्थिरता मिळाली. पेशी ऑक्सिजनचा वापर कसा करतात, हा तेव्हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. फळ कापल्यावर ते तांबूस का पडते, हा प्रश्न त्यातूनच आला. फळाची जखम हवेच्या संपर्कात येते आणि ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन रंग बदलतो, एवढे माहीत होते. मग काही फळांत ही प्रक्रिया का होत नाही?

त्यांनी एक साधा प्रयोग केला. दोन रसायनांच्या मिश्रणात वनस्पतीतले एक विकर घातले, की मिश्रण तत्काळ निळे होते. विकराऐवजी लिंबूवर्गीय फळाचा रस घातला, तेव्हाही निळा रंग आला, पण क्षणभर उशिरा. घड्याळाकडे पाहूनही जो उशीर मोजायचे कुणाच्या मनात आले नसते, तो त्यांच्या डोळ्यांनी टिपला. उशीर होतो, याचा अर्थ रसात असे काहीतरी आहे, जे ऑक्सिजनचा हल्ला स्वतःवर झेलते, असा तर्क त्यांनी केला. जोवर तो पदार्थ संपत नाही, तोवर रंग येत नाही. असाच पदार्थ त्यांना जनावरांच्या मूत्रपिंडावर बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतही सापडला.

इथे नशिबाने साथ सोडली. त्यांना आधार देणारे ग्रोनिंगेनचे प्राध्यापक वारले आणि नव्या प्रमुखांना या कामात काडीचाही रस नव्हता. नोकरी सुटली. पत्नी-मुलीला त्यांनी सासरी पाठवून दिले. आयुष्य संपवावे, इथपर्यंत विचार गेले. त्यापूर्वी शास्त्रज्ञांचा मेळावा एकदा शेवटचा पाहावा म्हणून १९२६ मध्ये ते स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. अध्यक्षपदावरून केंब्रिजचे सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स बोलत होते आणि भाषणात त्यांनी सेंट-ज्यॉर्जी यांच्या कामाचा उल्लेख केला. श्रोत्यांत बसलेल्या त्या बेकार माणसाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. भाषणानंतर त्यांनी धीर करून ओळख करून दिली आणि हॉपकिन्स यांनी त्यांना थेट केंब्रिजला बोलावले.

केंब्रिजमध्ये त्यांनी तो गूढ पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. त्यात कार्बनचे सहा, हायड्रोजनचे आठ आणि ऑक्सिजनचे सहा अणू होते. त्यात एक शर्करा दडलेली आहे, पण कोणती ते कळत नाही, म्हणून त्यांनी अज्ञान सुचवणारे एक गमतीदार नाव शोधनिबंधात दिले. संपादकांनी ते नाकारले. मग देवालाच ठाऊक अशा अर्थाचे दुसरे नाव पाठवले. तेही अर्थातच नाकारले गेले आणि शेवटी हेक्झुरॉनिक आम्ल हे गंभीर नाव ठरले.

रात्रीच्या जेवणातली मिरची

पदार्थ हाती आला, पण चिमूटभरच. तो अधिक मिळवण्यासाठी सेंट-ज्यॉर्जी अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेले. जवळच्या कत्तलखान्यांतून गुरांच्या अधिवृक्क ग्रंथी गोळा करून महिनोन्महिने राबले, तेव्हा २५ ग्रॅम स्फटिक जमले. त्यातला काही भाग त्यांनी रचना शोधण्यासाठी बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हॉवर्थ यांना पाठवला. तो त्या कामाला पुरला नाही.

दरम्यान हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांनी त्यांना मायदेशी बोलावले होते. तिसा नदीकाठच्या सेगेद या गावातल्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये त्यांच्याकडे जोसेफ स्विरबेली हा तरुण आला. तो अमेरिकेत जन्मलेला, पण हंगेरियन वंशाचा होता. पिट्सबर्गमध्ये चार्ल्स किंग यांच्या प्रयोगशाळेत काम करताना एखाद्या पदार्थात ‘क’ जीवनसत्त्व आहे की नाही हे गिनीपिगवर तपासण्यात तो तरबेज झाला होता. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग मात्र ते करू शकत नाहीत. सेंट-ज्यॉर्जी यांनी बरणीत उरलेले हेक्झुरॉनिक आम्ल त्याच्या हाती दिले. उकळलेल्या, जीवनसत्त्व नष्ट झालेल्या खाण्यावर ठेवलेले गिनीपिग स्कर्व्हीने मेले. त्याच खाण्यासोबत रोज एक मिलिग्रॅम आम्ल मिळालेले प्राणी ठणठणीत राहिले. शतकानुशतके खलाशांचे बळी घेणाऱ्या रोगावरचा जो पदार्थ जग शोधत होते, तो सेंट-ज्यॉर्जी यांच्या बरणीत काही वर्षे नुसता पडून होता.

हा शोध आधी कुणी लावला, यावरून १९३२ मध्ये किंग आणि सेंट-ज्यॉर्जी यांच्यात मोठा वाद झाला. तो अमेरिकेत बराच काळ धुमसत राहिला. पण सेगेदमधली खरी अडचण वेगळी होती. स्फटिक पुन्हा संपले होते. संत्र्या-लिंबांत जीवनसत्त्व असले तरी सोबतच्या शर्करांमुळे ते शुद्ध करणे कठीण जात होते. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी गोड लाल मिरची वाढली. सेगेद हे हंगेरीतल्या या मिरचीचे माहेरघर. सेंट-ज्यॉर्जी यांना ती खायची इच्छा नव्हती आणि तसे तोंडावर सांगण्याचे धाडसही नव्हते. हिची आपण अजून तपासणी केलेली नाही, असे त्यांना आठवले आणि मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत निघून गेले. मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळले होते, की आपल्या हाती ‘क’ जीवनसत्त्वाचे कोठार लागले आहे. काही आठवड्यांत सुमारे दीड किलो शुद्ध स्फटिक तयार झाले. ते त्यांनी मागेल त्या संशोधकाला वाटून टाकले. हॉवर्थ यांना पुरेसा साठा मिळाला, रचना उलगडली आणि स्कर्व्ही रोखणारे म्हणून त्या पदार्थाचे नाव ॲस्कॉर्बिक आम्ल असे बदलले गेले. १९३७ मध्ये हॉवर्थ यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

शुद्ध औषध आणि अशुद्ध अर्क

गोष्ट इथे संपली असती, तर ती फक्त एका जीवनसत्त्वाची गोष्ट झाली असती. पण याच काळात सेंट-ज्यॉर्जी यांना एका ऑस्ट्रियन डॉक्टरचे पत्र आले. त्या डॉक्टरला स्वतःलाच रक्तस्रावाचा गंभीर विकार होता आणि त्यावर ॲस्कॉर्बिक आम्ल वापरून पाहायचे होते. शुद्ध आम्ल तेव्हा पुरेसे नव्हते. म्हणून सेंट-ज्यॉर्जी यांनी मिरचीपासून केलेले, भरपूर ‘क’ जीवनसत्त्व असलेले पण शुद्ध न केलेले औषध पाठवून दिले. डॉक्टर बरा झाला.

पुढे शुद्ध आम्ल हवे तितके मिळू लागले, तेव्हा सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे मित्र इश्तवान रुस्न्याक यांनी तशाच रुग्णांना ते दिले. गुण आला नाही. म्हणजे पहिल्या रुग्णावर जो परिणाम झाला, तो ‘क’ जीवनसत्त्वाचा नव्हताच. मिरचीतले दुसरेच काहीतरी त्यामागे असले पाहिजे. मग त्यांनी लिंबाच्या रसातून फ्लॅव्होनॉइड गटातल्या रसायनांचे मिश्रण वेगळे केले आणि १९३६ मध्ये त्याला ‘पी’ जीवनसत्त्व म्हणून जगापुढे मांडले.

हा दावा टिकला नाही. ही रसायने मिळाली नाहीत म्हणून कोणता आजार होतो, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले नाही. म्हणून ती जीवनसत्त्वांच्या यादीत बसली नाहीत. पण दाव्यामागचे निरीक्षण मोलाचे होते. फळातला एक घटक ओळखला, म्हणजे फळ ओळखले असे होत नाही. रसाच्या एका पेल्यात शेकडो रसायने असतात. त्यातली काही आपल्या कामाची, काही निरुपयोगी आणि काही अनपेक्षित काम करणारी. ज्या घटकाचे नाव आपल्याला माहीत आहे, त्यानेच परिणाम घडवला असेल असे धरून चालणे ही चूक आहे. ती चूक स्वतःच्याच बाबतीत सेंट-ज्यॉर्जी यांनी पकडली होती.

युद्ध आणि स्नायू

नोबेलनंतर ते स्नायूंकडे वळले. स्नायू आकुंचन पावतो म्हणजे रेणूंच्या पातळीवर काय होते? सेगेदमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की स्नायूत एक नव्हे, तर दोन प्रमुख प्रथिने असतात, मायोसिन आणि ॲक्टिन. ही दोन्ही एकत्र करून केलेल्या धाग्यांवर शरीराचे इंधन असलेले एटीपी टाकले, की काचेच्या बशीत ते धागे आकसतात. जिवंत शरीराबाहेर हालचाल घडताना पाहणे हा आयुष्यातला सर्वांत रोमांचक क्षण होता, असे ते मानत.

हे काम दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाले. १९४३ मध्ये हंगेरीच्या पंतप्रधानांच्या वतीने दोस्त राष्ट्रांशी गुप्तपणे बोलण्यासाठी सेंट-ज्यॉर्जी इस्तंबूलला गेले. व्याख्यान देणे हे वरवरचे निमित्त होते. जर्मनांना याचा सुगावा लागला आणि त्यांच्या अटकेचे हुकूम सुटले. युद्धाचा शेवटचा काळ त्यांनी लपून काढला. स्वीडनच्या वकिलातीने त्यांना नागरिकत्व देऊन आसरा दिला. युद्ध संपले, पण सोव्हिएत अंमलाखालच्या हंगेरीत मोकळा श्वास घेता येईना. १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले. स्नायूंवरच्या कामासाठी १९५४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे पत्नी आणि मुलगी दोघींचाही कर्करोगाने मृत्यू झाला आणि उरलेले आयुष्य त्यांनी कर्करोगाचे कोडे सोडवण्यात घालवले. ते सुटले नाही. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वुड्स होलमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे उघड झालेली गोष्ट

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, सप्टेंबर १९८७ मध्ये, लोव्हास्टॅटिन या पहिल्या स्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला ही औषधे आवर घालतात. त्यांनी हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे असंख्य झटके टाळले आहेत, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅनडातून एक विचित्र निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, ते तपासत होते. स्वयंसेवकांना आपण मद्य पीत आहोत की नाही हे कळू नये, म्हणून त्याची चव लपवणारा रस हवा होता. त्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस निवडला गेला. मद्याचा परिणाम राहिला बाजूला, पण दोन्ही गटांच्या रक्तात औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त भरली. गुन्हेगार निघाला तो चव लपवण्यासाठी घातलेला रस.

रसातला कोणता पदार्थ? पहिला संशय गेला नॅरिंजिनवर. ग्रेपफ्रूटला कडवट चव देणारे हे रसायन फ्लॅव्होनॉइड गटातले, म्हणजे सेंट-ज्यॉर्जी यांनी लिंबातून काढलेल्या रसायनांचे नातेवाईक. पण शुद्ध नॅरिंजिन दिल्यावर रसाइतका परिणाम झाला नाही. सेगेदमधला धडा पुन्हा गिरवला गेला. रसाने जे केले, ते ओळखीच्या घटकाने केले नाही. खरे कारण पुढे सापडले ते फ्युरानोकुमारिन नावाच्या वेगळ्याच गटात.

आतड्याच्या अस्तरात सीवायपी-३ए४ नावाचे एक विकर असते. ते नाक्यावरच्या जकात कारकुनासारखे काम करते. पोटात आलेल्या अनेक औषधांचा मोठा भाग ते रक्तात शिरण्यापूर्वीच मोडून टाकते. सिम्व्हास्टॅटिनच्या गोळीतला फार थोडा भाग या नाक्यातून आणि पुढे यकृतातून सुटून रक्तात पोचतो आणि गोळीची मात्रा हा हिशेब धरूनच ठरवलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन या विकराला कायमचे निकामी करतात. नाका ओस पडतो आणि औषध बिनधोक आत शिरते. फिनलंडमधल्या अभ्यासांत रोज एक पेला ग्रेपफ्रूट रस घेणाऱ्यांच्या रक्तात सिम्व्हास्टॅटिनचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक वाढले. दाट रस दिवसातून तीनदा दिल्यावर तर ते सुमारे सोळा पट झाले. एक गोळी घेतली, पण शरीराला अनेक गोळ्या मिळाल्या.

याची किंमत प्रामुख्याने स्नायू मोजतात. ज्या मायोसिन-ॲक्टिनच्या धाग्यांसाठी सेंट-ज्यॉर्जी यांनी युद्धकाळातली वर्षे खर्च केली, त्याच स्नायूपेशींना स्टॅटिनची अतिरिक्त मात्रा इजा करते. मांड्या, पोटऱ्या, खांदे दुखतात आणि अशक्तपणा येतो. क्वचित प्रसंगी स्नायूपेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातले द्रव्य रक्तात उतरते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे विरळ आहे. पण वय जास्त असेल, मूत्रपिंडाचा विकार किंवा थायरॉइडची कमतरता असेल, इतर अनेक औषधे चालू असतील, तर धोका वाढतो.

गोळी घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे

सगळी स्टॅटिन सारखी नाहीत. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट व त्याचा रस पूर्ण टाळावा. ॲटोर्व्हास्टॅटिनवर परिणाम कमी होतो. एखाद्या वेळी खाल्लेल्या फोडीने सहसा काही बिघडत नाही, पण रोज आणि भरपूर रस पिणे धोक्याचे. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन आणि फ्लुव्हास्टॅटिन या नाक्यावर फारशी अवलंबून नसतात, त्यामुळे त्यांना या रसाची अडचण जवळजवळ नाही. आपल्या गोळीच्या वेष्टनावर व्यापारी नावाखाली छापलेले मूळ औषधाचे नाव प्रत्येकाने एकदा वाचून ठेवावे.

सकाळी रस आणि रात्री गोळी, अशी वेळ वाटून घेतली तरी उपयोग होत नाही. निकामी झालेले विकर परत जागे होत नाही. आतड्याला ते नव्याने तयार करावे लागते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे रोजच्या खाण्यातले नाही, म्हणून विषय सोडून देता येत नाही. पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट जन्मले. कोकणात परसात लागणारे, गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारे पपनस त्याचे थेट पूर्वज आहे आणि त्यातही फ्युरानोकुमारिन असतात. पपनसाच्या रसाने प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी वाढल्याचे दिसले आहे. ज्यांना ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्यांनी पपनसही वर्ज्य मानावे. चकोतरा म्हणून विकले जाणारे फळही याच घरातले. मुरंब्यासाठी वापरले जाणारे कडू संत्रेही याच यादीत येते. नेहमीच्या गोड संत्र्यात मात्र ही रसायने नगण्य असतात.

प्रश्न फक्त कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा नाही. फेलोडिपिन, निफेडिपिन, ॲमिओडेरोन, टॅक्रोलिमस अशी इतर औषधेही याच नाक्यावरून जातात. काही ठिकाणी तर उलटे घडते. ॲलर्जीवरच्या फेक्सोफेनाडिनसोबत संत्रे, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटचा रस घेतला, तर औषध आत शिरण्याचीच वाट अडते आणि गुण कमी येतो. म्हणून कोणतीही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, हा जुना नियम सर्वांत सोपा आणि खात्रीचा.

हे वाचून कुणी आपणहून स्टॅटिन बंद करू नये. गोळी बंद केल्याने होणारे नुकसान फळ सोडण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठे असते. स्नायू विनाकारण दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आणि आपण काय खातो-पितो, कोणते रस, काढे, चूर्णे घेतो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. फळ खूपच आवडत असेल, तर गोळी बदलून घेण्याचा पर्यायही असतो.

सेंट-ज्यॉर्जी यांना सापडलेले मूळ रहस्य एका क्षणाच्या उशिरात लपलेले होते. रसातला अनोळखी पदार्थ त्यांच्या ऑस्ट्रियन मित्राला वाचवून गेला, तसाच दुसरा एखादा अनोळखी पदार्थ आजच्या रुग्णाला अडचणीत आणू शकतो. रस दोन्हीकडे सारखाच निष्पाप दिसतो. त्यात काय आहे ते विचारण्याची सवय या हंगेरियन डॉक्टरने जगाला लावली. रोज सकाळी गोळी हातात घेताना ती सवय आपणही ठेवायला हरकत नाही.